मिठाची पोती आणि थकलेला गेम मास्टर : लातूरच्या एका टेबलाचं प्रकरण

लातूरमधल्या एका गटात टेबलावरचा रोलप्लेइंग गेम चालवणारा माणूस पार थकला, थांबला, परत आला, परत थकला, आणि गटानं कामाची वाटणी बदलल्यावर टिकला. हे सविस्तर लिहायचं कारण असं की अशा वेळी जे दोन सल्ले सगळ्यात आधी दिले जातात, ‘थोडी सुट्टी घे’ आणि ‘तयारी कमी कर’, त्यातला पहिला इथे लागू पडला नाही आणि दुसरा उलटा पडला असता. मी या टेबलावरची खेळाडू. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी हे वाचून होकार दिलाय, पण नाव कुणाचंच घेत नाही. गेम चालवणाऱ्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, इथेही तेच म्हणते.

टेबल

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत आणला. त्याची मूळ मांडणी आजही तीच आहे. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजा, पहारेकरी, पाऊस, वाघ, बाजारातली म्हातारी, एकटा गेम मास्टर चालवतो. आपलं पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतो, ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि त्यातून पुढे काय घडलं ते गेम मास्टर सांगतो. असे सलग चार तास. खेळाडूला आपली पाळी नसताना चहा पिता येतो, फोन बघता येतो. गेम मास्टरची पाळी कधी संपतच नाही.

आमचे दादा एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. लातूरमध्ये क्लासच्या सरांचा दिवस कसा जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. पहाटेची बॅच, संध्याकाळची बॅच, रविवारी सकाळी टेस्ट. जानेवारी संपला की नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, घाई सुरू होते, ती मेच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा होईपर्यंत सोडत नाही. मोकळी असते ती रविवारची दुपार. त्याच दुपारी, त्यांच्याच घरी, गच्चीवरच्या खोलीत आमचा खेळ चालायचा.

सुरुवातीला आम्ही चौघं होतो. मग आडत दुकानातले मुनीम आले, इंजिनिअरिंगला असलेले दोन मावसभाऊ आले, असं करत सात झालो. बाकीचे म्हणजे औश्याहून गाडीवर येणारे जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, मेडिकल दुकानवाले काका, सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप करणारी डॉक्टरीण आणि बँकेत काम करणारी मी. या खेळाला चार-पाच खेळाडू हा मजेचा आकडा. सात जणांत गेम मास्टरला नुसतं कुणाला बोलायला मिळालं आणि कुणाला नाही एवढं लक्षात ठेवणंही जड जातं.

अनेक बैठकांत चालणाऱ्या एका लांब गोष्टीला या खेळात मोहीम म्हणतात. आमच्या मोहिमेची कल्पना दादांची, आणि ती इतकी सुंदर होती की तिच्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1296 साली अल्लाउद्दीन खलजीनं देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादवर, अचानक चाल केली. यादव राजा रामदेवराय किल्ल्यात अडकला. वेढा पडल्यावर कळलं की घाईघाईत वर चढवलेल्या पोत्यांत धान्य नाही, मीठ आहे, अशी हकीकत इतिहासग्रंथांत येते. दादांनी एवढ्या एका हकीकतीवर सगळा डोलारा उभा केला. पोती बदलली कुणी? का कुणी बदललीच नाहीत? आम्ही होतो किल्ल्यातली साधी माणसं : कोठाराचा हिशेब लिहिणारा, तांड्याची वाटाडी, मठातून पळालेला शिष्य, एक वैद्य. मी होते धान्य चोरणारी एक बाई. दौलताबादला जाऊन दादांनी अंधारीची, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेची, वळणं पावलांनी मोजली आणि नकाशा काढला. किल्ल्यातला चांदमिनार त्या नकाशात नव्हता, कारण तो पंधराव्या शतकातला. कुणी ‘असू द्या की, छान दिसतो’ म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत.

ही मोहीम वर्षभर जोरात चालली.

काय दिसायला लागलं

पहिल्यांदा बदल दिसला तो आवाजात. दादा प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायचे. किल्ल्यातल्या कोठारपालासाठी तर त्यांनी एक सवय बसवली होती : बोलताना तो कमरेच्या किल्ल्या चाचपायचा, आणि खोटं बोलायची वेळ आली की हात थांबायचा. हे आम्हाला त्यांनी सांगितलं नव्हतं, बघून बघून आमच्या लक्षात आलं होतं. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी आणि गुरुजींनी त्या कोठारपालाला एकटं गाठलं. महिनोन् महिने ज्या प्रसंगाची वाट बघत होतो तो हा.

दादांनी समोरच्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, “तो म्हणतो, मला ठाऊक नाही. पुढे?”

गुरुजी जरा थांबले. “दादा, तो घाबरलाय का? हात कुठंय त्याचा?”

“फासा टाका.”

गुरुजींनी टाकला, चौदा आले.

“घाबरलाय,” दादा म्हणाले, आणि पुढच्या खेळाडूकडे वळले. तेवढ्यात मावसभावांपैकी धाकट्यानं विचारलं, “दादा, लढाई कधी हाय?” दादांनी लगेच लढाई लावून दिली. नियमात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते, आमच्याकडे सात जणांची एक फेरी व्हायला अर्धा तास लागायचा. कोठारपालाचा विषय तिथेच राहिला.

मागे वळून बघता बाकीच्या खुणाही होत्या. तारीख पुढे ढकलली गेली की त्यांना हायसं वाटायचं, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. खेळाडूनं काही अनपेक्षित केलं की पूर्वी डोळे चमकायचे, आता कपाळाला आठी पडायची. ग्रुपवर कुणी नियमाचं विचारलं तर उत्तर एका शब्दात. आणि सत्र संपल्यावर, जे पूर्वी अर्धा-अर्धा तास जिन्यात उभं राहून बोलायचे, ते फासे डब्यात भरायला आधीच सुरुवात करायचे.

त्या रविवारी मी उतरताना ते जिन्यापर्यंत आले. “ताई, मला होईना गेलंय बघा,” म्हणाले. “शनिवारी रात्रीपासून पोटात गोळा येतो. आवडायची गोष्ट हाय हो ही माझ्या.”

आधी काय तपासलं

डॉक्टरीणबाईंनी पहिलं काम केलं ते योग्य केलं. बाजूला बसवून त्यांनी दादांना झोप, भूक, क्लासमधलं मन, घरातलं बोलणं याबद्दल विचारलं. क्लास नीट चालला होता, मुलांत रमत होते, घरी हसत-बोलत होते, झोप शनिवारची सोडली तर ठीक. जड होता तो फक्त रविवार. हा फरक मोलाचा आहे. माणसाचं मन सगळ्यातूनच उडालं असेल, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडलं असेल, तर तो प्रश्न टेबलाचा नसतो आणि टेबलाच्या वाटणीनं सुटत नाही. तिथे डॉक्टरच हवा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे आणि ती मराठीतही बोलते.

बर्नआउट ही संज्ञा मानसशास्त्रात रुळली ती हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या 1974 च्या लेखापासून, म्हणजे हा खेळ बाजारात आला त्याच साली. ते न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करायचे आणि तिथले स्वयंसेवक कसे विझत जातात ते त्यांनी पाहिलं. मला यातला ‘स्वयंसेवक’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. पगारासाठी राबणारी नव्हे, मनापासून आलेली माणसं होती ती. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं मांडली : शक्ती संपणं, माणसांपासून आतून तुटत जाणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणची घटना म्हणून. त्या काटेकोर अर्थानं छंदाला तो शब्द लागू होत नाही. पण कोठारपालाचा तो सपाट आवाज ज्यानं ऐकलाय त्याला दुसरं अंग म्हणजे काय हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी 1997 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली, आणि आमचं प्रकरण उलगडलं ते तिच्यामुळे. माणूस फक्त ओझ्यानं जळत नाही. ओझं, हातात असलेला ताबा, मिळणारी पावती, सोबतच्या माणसांशी नातं, न्याय आणि मूल्यं या सहांपैकी कशातही माणसाचं आणि कामाचं जुळेनासं झालं की आग लागू शकते. म्हणजे ‘किती काम आहे’ हा एकच प्रश्न विचारला तर सहातली पाच दारं बंदच राहतात.

दोन उपाय, जे पुरले नाहीत

पहिला उपाय सुट्टीचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत खेळ बंद. सोयाबीनची आवक जोरात असल्यानं मुनीम तसेही येऊ शकत नव्हते, म्हणून सगळ्यांनी आनंदानं मान्य केलं. पण ग्रुपवर ‘दादा, कधी सुरू?’ चालूच राहिलं. दादा सुट्टीत काय करत होते? परत आल्यावर खेळ भारी व्हायला पाहिजे म्हणून तयारी करत होते. संक्रांतीनंतर बसलो तेव्हा पहिला रविवार बरा गेला. दुसऱ्या रविवारी शनिवारचा गोळा परत आला. माणसाला विश्रांती मिळाली होती, पण तो परत आला ते त्याच सात खुर्च्यांपुढे, त्याच रीतीच्या कामावर.

दुसरा उपाय : गेम मास्टर लागतच नाही असा खेळ. ‘फियास्को’ नावाचा 2009 सालचा एक खेळ आहे, तीन ते पाच जणांचा, दोन-तीन तासांत संपणारा, सगळे मिळून गोष्ट रचतात. खेळ छान आहे, आजही शिफारस करेन. पण आम्ही सात, म्हणून दोन गट पडले. नियम इंग्रजीत, ते वाचले दादांनी. समजावून सांगितले दादांनी, आधी एका गटाला, मग दुसऱ्या गटाला. कुठे अडलं की दोन्हीकडून हाक एकच : “दादा, हे चालतं का?” गेम मास्टर नसलेल्या खेळात त्यांनी दोन टेबलं चालवली.

इथे मला वाटतं खरी गोष्ट उघडी पडली. आम्ही ‘गेम मास्टर’ ज्याला म्हणत होतो त्यात खेळ चालवणं हा एक भाग होता, आणि त्याच्याभोवती आणखी बरंच काही चिकटलेलं होतं जे खेळ बदलला तरी त्यांच्याच अंगावर राहत होतं.

कागद

मार्चमध्ये एका रविवारी खेळ न खेळता बसायचं ठरलं. प्रस्ताव गुरुजींचा, शाळेतल्या पद्धतीचा : एक मोठा कागद, आणि महिनाभरात दादा या खेळासाठी जे जे करतात ते सगळं त्यावर. आम्ही बोलायचं, दादांनी फक्त राहिलेलं सांगायचं.

पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. गोष्ट रचणं, नकाशे, पात्रं, लढायांचं गणित हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. त्यापुढे आलं ते असं : सात जणांना विचारून तारीख जमवणं, कुणी येत नाही म्हटलं की परत सगळ्यांना विचारणं. नियम इंग्रजीत वाचून दर वेळी मराठीत सांगणं, काकांच्या पात्राचे मंत्र काकांना समजावणं, तेच पुढच्या रविवारी परत समजावणं. मावसभावांचा वाद मिटवणं. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांच्या वतीनं लक्षात ठेवणं. नवीन माणसाचं पात्र करून देणं. खोली झाडणं, पंखा, खुर्च्या. कोण गप्प बसलंय बघून त्याला बोलतं करणं. पेन्सिली आणणं. पेन्सिलीसुद्धा.

मग वहिनींना बोलावलं. आठ माणसांचा चहा, सुशीला नाहीतर भजी, कधी संध्याकाळ लांबली तर निलंगा राईस, दर रविवारी. त्या या खेळात कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे पेन घेतलं आणि कागदावर आपल्या हातानं तीन ओळी लिहिल्या. तिसरी होती : ‘रविवारी माझ्या माहेरची माणसं येऊ शकत नाहीत.’ त्या ओळीनंतर खोलीत कुणाला लगेच काही बोलता आलं नाही. न्याय नावाचं जे दार मास्लाक आणि लायटर सांगतात ते फक्त गेम मास्टरपुरतं नसतं, त्याच्या घरापर्यंत जातं.

यानंतर जे झालं ते या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी पाऊल होतं असं मी ठामपणे म्हणेन. दादांच्या हातात लाल पेन दिलं आणि सांगितलं, यातलं जे करताना बरं वाटतं त्याला गोल करा, जे नकोसं वाटतं ते खोडा. आमची सगळ्यांची खात्री होती की तयारी खोडली जाईल. तसा सल्लाही आम्ही द्यायला बसलो होतो, ‘इतका अभ्यास कशाला करता, जमेल तसं चालवा की.’ दादांनी नकाशांना गोल केला. पात्रांना गोल केला. यादवकालाचं वाचन, त्याला तर दोनदा गोल केला. “हे करताना रात्रीचे बारा कसे वाजतात कळत नाही,” म्हणाले. “हे नका काढून घेऊ.”

खोडलं काय? तारखा. नियमांचे वाद. परत परत समजावणं. घर. लढायांच्या बाबतीत त्यांनी अर्धी ओळ खोडली आणि म्हणाले, मला कट-कारस्थानाची गोष्ट सांगायची होती, दर रविवारी निम्मा वेळ मारामारीत जायला लागला. हा ताब्याचा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी, यादीत नसलेली एक गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली : ‘झाल्यावर कुणी काही बोलत नाही.’ सात माणसं चार तास बसतात, चपला घालतात आणि जातात. खेळ आवडला, नाही आवडला, कोठारपालाचं काय वाटलं, काही नाही. क्लासमध्ये निदान मुलांचे मार्क कळतात.

वाटणी

तारीख ठरवणं हा प्रकारच बंद केला. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, ते कुणी कुणाला विचारून ठरवत नाही. तसंच आमचा खेळ दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी. चार खेळाडू आले की खेळ होणार, तीन आले की पत्ते खेळून घरी. न आलेल्याचं पात्र त्या दिवशी आजारी. मुनिमांनी ही जबाबदारी घेतली, आणि ग्रुपवर ‘कधी?’ विचारणाऱ्याला उत्तर मुनीमच देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते स्वतःच नसतात, तेव्हा काका.

जागा फिरती केली. काकांची गच्ची, मुनिमांचा हॉल, माझं घर. दादांच्या घरी वर्षातून दोनदाच, आणि तेव्हा खाणं बाहेरून. उन्हाळ्यात काकांची गच्ची रात्रीशिवाय चालत नाही, लातूरचा मे महिना पारा चाळिशीच्या वर नेतो. पण रात्री खेळल्यावर देवगिरीचा वेढा भलताच रंगला हेही खरं.

नियमांचा कारभार थोरल्या मावसभावाकडे दिला, जो सगळ्यात जास्त भांडायचा. ही कल्पना डॉक्टरीणबाईंची आणि ती इतकी नेमकी लागली की तिच्याबद्दल मला आजही कौतुक वाटतं. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा कंपनीनं जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुला केला, त्यामुळे तो छापून घेणं, त्याचा मराठी तक्ता करणं हे सगळं रीतसर करता येतं. पोरानं दोन आठवड्यांत लढाईतल्या सगळ्या कृतींचा दोन पानी मराठी तक्ता केला आणि लॅमिनेट करून आणला. टेबलावर वाद झाला तर त्याला दोन मिनिटं. त्यात सापडलं तर तसं, नाही तर त्या दिवसापुरता दादांचा शब्द, आणि खरा नियम पुढच्या वेळी. आपल्या पात्राचे मंत्र ज्यानं त्यानं पाठ करायचे. काकांनी त्यांचे मंत्र दुकानाच्या बिलबुकाच्या मागे लिहिले आहेत आणि आता ते कुणाला विचारत नाहीत.

मागच्या वेळची गोष्ट सुरुवातीला सांगायचं काम माझं. यातून आणखी एक फायदा झाला. खेळाडूच्या तोंडून गोष्ट ऐकली की गेम मास्टरला कळतं, आपण जे पेरलं त्यातलं काय उगवलंय. एकदा मी सांगताना लमाणांच्या तांड्यातल्या एका मुलीचा उल्लेख केला, जी दादांच्या मते ओझरती होती. त्यांनी पुढचं सत्र तिच्यावर बांधलं.

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवली. प्रत्येकानं दोन गोष्टी सांगायच्या : आज काय लक्षात राहिलं, आणि पुढच्या वेळी आपलं पात्र काय करणार आहे. पहिल्याने लोक लाजले. गुरुजी सोडले तर कुणाला सलग दोन वाक्यं सुचेनात. पण दुसरा प्रश्न कामाचा होता, त्यामुळे बोलावंच लागायचं, आणि बोलता बोलता पहिल्याचंही उत्तर यायला लागलं. दादांच्या दृष्टीनं या पंधरा मिनिटांचा अर्थ दुहेरी आहे. पावती मिळते, आणि तयारी नेमकी होते. आम्ही अंधारीत जाणार हे आधी कळलं तर ते अंधारीच तयार करतात, बाजार, वेस आणि मठ अशी तिन्ही ठिकाणं नाही. तयारीचे तास कमी झाले ते असे, त्यांचा आवडता भाग न कापता.

राहिला लढायांचा प्रश्न, आणि इथे सगळ्यांचं समाधान झालं नाही. धाकट्या मावसभावाला लढायाच हव्या होत्या, त्यात त्याचं काही चूक नव्हतं. दादांनी त्याला स्पष्ट सांगितलं, “बाळा, मी तुला पायजे तसा खेळ चालवू शकतो, पण मला तो आवडत नाही, आणि मला न आवडणारा खेळ तुला तरी कसा आवडेल?” त्यानं टेबल सोडलं. दोन महिने भावाशी नीट बोलला नाही. मग हॉस्टेलवर स्वतःचं टेबल लावलं, फक्त लढायांचं, आणि भावाचा तक्ता झेरॉक्स करून नेला. आम्ही सात जणांचे सहा झालो. दुखलं, पण सातवी खुर्ची भरली नाही आणि भरायची नाही असं ठरलं.

नीटचे महिने

कागदानं कामं वाटली, पण फेब्रुवारी ते मे हे चार महिने वाटून संपणारे नव्हते. तिथे गेम मास्टरच बदलायला हवा होता. गुरुजींनी आणि मी दोघांनी छोटे, एका-दोन बैठकीत संपणारे खेळ चालवायचं कबूल केलं. गुरुजींनी नळदुर्गच्या पाणीमहालात एक चोरी रचली : बंधाऱ्यावरून पाणी कोसळतंय, आत महालात शिरायचंय, आणि आवाज इतका की एकमेकांना हाक ऐकू जात नाही, त्यामुळे खेळाडूंना खाणाखुणांनीच बोलता येईल असा नियम. साधा होता आणि अप्रतिम झाला.

दादांना मात्र खेळाडू होऊन बसणं जमेना. गुरुजी अडखळले की ते नियम सांगायचे, कुणी गप्प असला की त्याला बोलतं करायचे, नकाशा सरळ करायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मोठ्यानं सांगितलं, “दादा, आज तुम्ही नुसते भालदार आहात. भाला धरा.” ते हसले आणि भाला धरला. सवय सुटायला तीन-चार रविवार गेले. ज्या माणसानं वर्षानुवर्षं टेबल सांभाळलंय त्याला खुर्ची बदलून देणं पुरत नाही, त्याला त्या खुर्चीत बसू द्यावंही लागतं, आणि ते बाकीच्यांचं काम आहे.

आणखी एक निर्णय याच काळात झाला. मोहिमेला शेवट ठरवला. अशा मोहिमा वर्षानुवर्षं चालतात आणि बहुतेक वेळा संपत नाहीत, विरतात. गेम मास्टरला समोर किनारा दिसत नसेल तर प्रत्येक रविवार सारखाच लांब वाटतो. आमच्या बाबतीत इतिहासानंच शेवट दिला होता : रामदेवराय तह करतो, खंडणी देतो, वेढा उठतो. दादांनी जाहीर केलं, गणपतीच्या आधी तह होणार, तोवर पोत्यांचं गूढ उलगडलं तर उलगडलं.

उलगडलं. कोठारपाल परत आला, किल्ल्यांसकट. या वेळी दादांचा हात कमरेवर गेला, चाचपत राहिला, आणि माझ्या एका प्रश्नावर थांबला. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. त्यानं पोती बदलली नव्हती. ती मिठाची आहेत हे त्याला पहिल्या रात्रीच कळलं होतं, आणि किल्ल्यात घबराट होऊ नये म्हणून तो गप्प राहिला होता. त्याला राजासमोर न्यायचं की नाही यावर आम्ही तासभर भांडलो, एकही फासा न टाकता.

सध्या

पुढची मोहीम गुरुजी चालवतात, कंधारच्या किल्ल्यावर. दादा खेळाडू आहेत, आणि किल्ल्याचे नकाशे गुरुजींना काढून देतात, कारण तेवढं त्यांना हवंच होतं. दिवाळीनंतर ते परत गेम मास्टर होणार आहेत, सहाच जणांसाठी, आणि मोहीम बारा बैठकांची असं आधीच लिहून ठेवलंय.

गुरुजींचाही कागद केला, तिसऱ्या सत्रानंतर लगेच. त्यांनी खोडलेलं दादांपेक्षा अगदी वेगळं निघालं. त्यांना नियमांच्या वादाचं काही वाटत नाही, शाळेत दिवसभर तेच करतात. त्यांना नकोसा आहे तो रात्री औश्याला परतायचा रस्ता. म्हणून कंधारची मोहीम दुपारी दोनला सुरू होते आणि दिवे लागायच्या आत संपते. डॉक्टरीणबाईंची इंटर्नशिप संपत आली आहे, पुढची नेमणूक कुठल्या गावी होईल त्यावर त्यांची खुर्ची ठरेल. वहिनी नळदुर्गच्या खेळात एकदा बसल्या, पाणीमहालाच्या पहारेकरीण म्हणून. कंधारला यायचं की नाही ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि त्यांना कुणी विचारत बसायचं नाही असं मुनिमांनी ग्रुपवर लिहून टाकलंय.